लिहिणाऱ्याची खुर्ची

माझ्या बोरिवलीच्या घरात एक लोखंडी घडीची खुर्ची आहे. हिरव्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली, एका पायाला रबराचं बूच नसलेली. पाहुणे कितीही झाले तरी मी ती काढत नाही. नवरा म्हणतो, "अगं, एक तर वापर नाहीतर भंगारात दे, उगाच जागा अडवते." तो बोलतो, मी ऐकून घेते आणि खुर्ची कपाटामागे आहे तिथेच राहते. त्याला कसं सांगू, की कुणी तिच्यावर बसलं आणि मी सहज काही विचारलं, तर उत्तर कोण देईल याची मला खात्री नाही.

ही खुर्ची तिरोडकर बाईंची. बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल, तेव्हापासून ती माझ्याकडे आहे.

घाटकोपर पूर्वेला एका चार मजली सोसायटीत पहिल्या मजल्यावर बाई एकट्या राहायच्या आणि दहावीच्या मराठीचे क्लास घ्यायच्या. खरं तर क्लास कसला, त्या फक्त उतारा शिकवायच्या. न वाचलेला उतारा समोर आला की तो कसा वाचायचा, अलंकार कसे ओळखायचे, जाहिरात आणि भाषण आपल्याला कसं गुंडाळतं, एवढंच. निबंध, व्याकरण वगैरे "शाळेत शिका, तिथे फी भरताय ना" म्हणून वाटेला लावायच्या. बाहेरची खोली दहा बाय बारा. तिच्यात आम्ही चौदा मुलं सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसायचो, आणि खिडकीशी ही खुर्ची रिकामी. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, "बाई, मी त्या खुर्चीवर बसू?" तर बाई म्हणाल्या, "ती लिहिणाऱ्याची आहे."

बाई प्रत्येक उतारा दोनदा वाचायच्या. "एकदा शब्दांसाठी, एकदा माणसासाठी." पहिलं वाचन शाळेसारखं, खणखणीत. दुसऱ्या वाचनाला त्या चष्मा काढायच्या. चष्म्याशिवाय त्यांना हातातल्या कागदावरचं अक्षर लागायचं नाही, म्हणजे वाचणं पाठच असायचं. कागद हातात आणि नजर खुर्चीवर. आवाज खाली यायचा आणि उताऱ्याप्रमाणे बदलायचा. म्हाताऱ्याचा उतारा असेल तर त्यात थोडी खरखर यायची. ते नाटक वाटायचं नाही. खोलीत एक माणूस वाढलाय आणि बाई त्याचं ऐकून आपल्याला सांगताहेत, असं वाटायचं. कुणी कुजबुजलं तर म्हणायच्या, "हळू बोला. लिहिणारा खोलीत आहे."

त्यांची आणखी दोन वाक्यं आमच्या हाडांत मुरली आहेत. एक म्हणजे, "उत्तर मनाचं नको, उताऱ्यातलं हवं." आणि दुसरं, "सुंदर वाक्य दिसलं की आधी खिशावर हात ठेवायचा." या दुसऱ्या वाक्यावर मी पोट भरते. अंधेरीच्या एका ऑफिसात बसून मी बिल्डरांची माहितीपत्रकं लिहिते, आणि 'निसर्गाच्या कुशीत' असं लिहिताना दर वेळी बाई पाठीमागे उभ्या असल्यासारखं वाटतं. त्यांच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची मीटिंग झाली, तेव्हा बिल्डरचं पत्र ऐकून सगळे खूश. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "या पत्रात 'लवकरच' सहा वेळा आहे आणि तारीख एकदाही नाही. उताऱ्याच्या आधारे आपण घरं खाली करू नयेत." बिल्डरचा माणूस हसला, पण पुढच्या पत्रात तारीख आली.

शेजारी मात्र त्यांच्याशी जपूनच बोलायचे. "आमचं काय, मस्त चाललंय" असं जिन्यात कुणी म्हणालं, की बाई काही न बोलता त्या माणसाकडे पाहत राहायच्या. समोरचा दोन पायऱ्या उतरून परत यायचा आणि नको ते सांगून बसायचा. माझी आई म्हणायची, "त्या बाईला हसून दाखवायचं नाही. ती हसण्याच्या मागचं वाचते."

खुर्चीवर एकदाच कुणी बसलं होतं. पराग नावाचा आमचा एक वर्गमित्र, महा उपद्व्यापी. बाई आत पाणी प्यायला गेल्या आणि हा जाऊन खुर्चीवर पाय पसरून बसला. बाई बाहेर आल्या. आम्हाला वाटलं, आता याची वाट लागली. पण बाई शांतपणे म्हणाल्या, "बस. पण बसलास तर लिहिणाऱ्याच्या वतीने उत्तर द्यावं लागेल."

त्या दिवशीचा उतारा एका बापाचं पत्र होतं. वसतिगृहातल्या मुलाला लिहिलेलं. शिस्तीचं महत्त्व, एकटं राहण्याचे फायदे, सगळं पटवून पटवून सांगितलेलं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "लिहिणारे, दिवाळीला मुलाला घरी का बोलावत नाही?"

"अभ्यास बुडेल म्हणून," पराग दात काढत म्हणाला.

"ते पत्रात मुलासाठी लिहिलंय. तुम्ही का बोलावत नाही?"

पराग कागदाकडे बघत बसला. मग तो हळूच म्हणाला, "त्याची खाट आता दुसऱ्या कुणालातरी दिली आहे."

कुणी हसलं नाही. पत्राच्या मधल्या एका ओळीत खरंच होतं, की घरात नवी माणसं आल्यामुळे जरा दाटी झाली आहे. आम्ही सगळ्यांनी ती ओळ वाचली होती आणि सोडून दिली होती. पराग उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. घरी जाताना मला म्हणाला, "यार, ते मी नाही बोललो. म्हणजे मीच बोललो, पण..." पुढे त्याला सांगता येईना.

बाईंचे उतारे ठरलेले होते, एक ते वीस. त्यातला सतरावा दर वर्षी दिवाळीनंतर यायचा. तो मी इथे जसाच्या तसा देते, कारण मला तो पाठ आहे.

"ताई, इथे सगळं छान आहे. घर एवढं मोठं, की एका टोकाची हाक दुसऱ्या टोकाला ऐकू जात नाही. माझी खोली माडीवर आहे. खिडकीतून खाडी दिसते. भरतीचं पाणी भल्या माणसासारखं कुंपणापर्यंत येतं आणि काही न मागता परत जातं. माणसं फार मायेची. मला एकटीला कुठेच जाऊ देत नाहीत, विहिरीवरसुद्धा कुणीतरी सोबत असतं. पत्र टाकायलाही सासूबाई स्वतः जातात, मला त्रास नको म्हणून. दार वाजलं की मीच आधी उठते, पण खाली पोचेपर्यंत कुणीतरी उघडलेलं असतं. तू काळजी करू नकोस. आंब्याला मोहोर छान आलाय. तू एकदा येऊन बघायला हवंस."

खाली तीन प्रश्न. पहिला, खिडकीतून काय दिसते? दुसरा, 'एका टोकाची हाक दुसऱ्या टोकाला ऐकू जात नाही' यातील अलंकार ओळखा. तिसरा, लेखिकेची मनःस्थिती तुमच्या शब्दांत लिहा. दुसऱ्याचं उत्तर अतिशयोक्ती. तिसऱ्याला मी लिहिलं होतं, "लेखिका सासरी सुखी व समाधानी आहे." मला तीनपैकी तीन मिळाले. सगळ्यांनाच मिळाले. एरवी अर्ध्या अर्ध्या मार्कासाठी रडवणाऱ्या बाई या उताऱ्याला एवढ्या उदार कशा होतात, हे कोडंच होतं. आणि हा एकच उतारा असा होता, की तो बाई दुसऱ्यांदा वाचायच्या नाहीत. चष्मा काढायच्या नाहीत. खुर्चीकडे बघायच्याही नाहीत.

कॉलेजात गेल्यापासून मी रविवारी सकाळी बाईंचे पेपर तपासायला जायला लागले. लग्नानंतरही जात राहिले. मोबदला म्हणजे घावणे, चटणी आणि टोमणे. तेव्हा मला कळलं, की बाकी सगळे पेपर बाई मुलांना परत देतात, पण सतराव्या उताऱ्याचे पेपर आतल्या खोलीतल्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवतात. वर्षानुवर्षांचे. मी एकदा झाकण उघडून पाहिलं. गठ्ठेच्या गठ्ठे, आणि प्रत्येक कागदावर वेगवेगळ्या अक्षरांत तेच, लेखिका सुखी आहे, आनंदी आहे, समाधानी आहे. शेकडो मुलं एका सुरात तेच म्हणताहेत असं वाटलं आणि मी झाकण लावलं.

"बाई, हे कशाला ठेवलंय सगळं?"

"पुरावा म्हणून," बाई म्हणाल्या. "चहात साखर घाल."

दोन वर्षांपूर्वीच्या बॅचमध्ये ऋतुजा नावाची एक मुलगी होती. दाराजवळ बसायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी सतरावा उतारा तपासत होते आणि तिचा पेपर हाती आला. दुसऱ्या प्रश्नाखाली तिने लिहिलं होतं, "हा अलंकार नाही. ही माहिती आहे." आणि तिसऱ्याखाली, "लेखिका सुखी नाही. खिडकीतून दिसणारं तिने लिहिलं आहे, पण बाहेर गेल्यावर दिसणारं काहीच लिहिलेलं नाही. हे पत्र आधी सासूबाई वाचणार हे तिला माहीत आहे. म्हणून पत्र सासूबाईंना पटेल असं लिहिलं आहे आणि बहिणीला कळेल असं लिहिलं आहे. ती बहिणीला बोलावते आहे."

मी पुन्हा उतारा वाचला. इतकी वर्षं पाठ असलेला उतारा, आणि मला तो पहिल्यांदा ऐकू आला. ट्रंकेतले गठ्ठे कशाचा पुरावा होते ते नीट कळलं नाही, पण हा कागद त्याच्या विरुद्ध आहे एवढं कळलं. मी तो गुपचूप गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला.

"तळाला काय ठेवलंस, मधू?" बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "आण इकडे."

बाईंनी तो पेपर दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा काढला, पण उत्तर काही पाठ नव्हतं, तेव्हा कागद नाकाला टेकवला. मग त्या आत गेल्या आणि ट्रंकेच्या तळातून एक पिवळं पडलेलं अंतर्देशीय पत्र घेऊन आल्या. सतरावा उतारा, बारीक गोल अक्षरात, शेवटी 'तुझी शालू'. आणि त्यावर लाल शाईच्या खुणा. 'भल्या माणसासारखं' खाली रेघ आणि बाजूला 'सुंदर उपमा!' 'हाक ऐकू जात नाही' खाली रेघ आणि 'अतिशयोक्ती. छान!'

"धाकटी बहीण माझी," बाई म्हणाल्या. "मी तेव्हा नवी नवी शाळेत लागले होते. हातात कायम लाल पेन. शालूला शाळेत असताना पत्रलेखन मीच शिकवलं होतं. हे पत्र आलं आणि मी खूश झाले गो, पोरीने काय सुरेख लिहिलंय. मी ते तपासलं, मधू. बहिणीचं पत्र मी तपासलं. आणि उत्तर पाठवलं, की तुझी भाषा फार सुधारली आहे."

"आणि मग?"

"मग मे महिन्यात निरोप आला. पहाटे एकटीच विहिरीवर गेली होती, पाय घसरला."

विहिरीवरसुद्धा कुणीतरी सोबत असतं. ती ओळ आम्हा दोघींच्या मध्ये पडून होती आणि कुणीच ती उचलली नाही.

"दर वर्षी मी पोरांपुढे हे पत्र ठेवते," बाई म्हणाल्या. "त्यांना वाचायचं कसं ते मीच शिकवते, जीव तोडून शिकवते. तरी कुणाला कळत नाही. सगळे लिहितात सुखी. प्रत्येक वेळी वाटतं, सुटले. कुणालाच कळलं नसतं, मग मला तरी कसं कळणार होतं?" त्यांनी ऋतुजाच्या पेपरवरून हात फिरवला. "पंधरा वर्षांच्या पोरीला कळलं."

मी म्हणाले, "बाई, ती तुमच्याकडे शिकली म्हणून कळलं." ते खरंच होतं, पण त्याने त्यांचं काही हलकं होणार नव्हतं. मला रडू येत होतं आणि बाई मात्र लाल पेन शोधत होत्या. त्यांनी ऋतुजाला तीनपैकी तीन दिले. मग मला म्हणाल्या, "तिला फोन लाव. हे तिला कुठून कळलं ते विचारायचंय. असं उत्तर नुसतं हुशारीने येत नाही."

ऋतुजा तासाभरात आली, सोबत तिची आई. बाईंनी विचारलं तेव्हा पोरगी आईकडे बघत म्हणाली, "माझी मावशी फोनवर असंच बोलते. काका बाजूला असले की."

"काहीतरीच," आई म्हणाली. "मालाडला दिलीय ती, दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. मजेत आहे हो."

"लाव फोन," बाई ऋतुजाला म्हणाल्या. "आवाज मोठा ठेव."

फोन स्पीकरवर लागला. पलीकडून छान हसरा आवाज आला. "अगं आम्ही एकदम मस्त. काका किती करतात माझं! भाजी आणायलासुद्धा खाली जाऊ देत नाहीत, सगळं ऑनलाइन मागवतात. ऑफिसपण आता घरूनच करतात, माझ्यासाठी." बाईंनी चष्मा काढला होता. त्या खुर्चीकडे बघत ऐकत होत्या. त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि ऋतुजापुढे धरलं. ऋतुजाने वाचलं, "मावशी, आम्ही आलो तर दार कोण उघडेल?"

मग तोच हसरा आवाज आला, "काकाच उघडतील ना बाळा." आणि फोन ठेवला गेला.

ऋतुजाची आई पांढरीफटक पडली होती. बाईंनी पर्स उचलली. "चला," त्या म्हणाल्या. "आत्ता." मेट्रोने आम्ही अंधेरीला आलो, तिथून रिक्षा. सत्तरीतली बाई, गुडघ्यांनी बेजार, पण मालाडला लिफ्टची वाट न बघता दोन मजले चढून गेल्या.

दार एका माणसाने उघडलं, पण अर्धंच. टी-शर्ट, कानात ब्लूटूथ, अगदी सभ्य चेहरा. ऋतुजाच्या आईला बघून म्हणाला, "अरे, न सांगता? ती झोपलीय." मग बाईंकडे वळून, "आणि आपण?"

"मी तिची मोठी बहीण," बाई म्हणाल्या.

तो हसला. "काय मॅडम, मस्करी करता? तिला एकच बहीण आहे, ही."

"मला यायला उशीर झाला," बाई म्हणाल्या.

हे त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या, की तो माणूस चौकटीला हात लावून त्यांच्याकडे बघत राहिला. त्या तेवढ्या वेळात त्याच्या हाताखालून एक बाई बाहेर आली. झोपलेली वगैरे नव्हती. खांद्याला पर्स होती, पायात चपला होत्या. फोन ठेवल्यापासून ती तशीच तयार होऊन दाराआड बसली असणार. "अगं, कुठे निघालीस?" तो म्हणाला. बहिणीचा हात धरून ती जिना उतरायला लागली, आणि बाई सगळ्यांत शेवटी, कठड्याला धरून, मागच्या दारावर लक्ष ठेवत उतरल्या.

मावशी आता ऋतुजाकडेच राहते, नोकरी करते. पण मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं.

त्या वर्षी बाईंनी क्लास बंद केले. सोसायटी पाडायची तारीख आली होती आणि बाई मुलुंडला भाड्याच्या घरात जाणार होत्या. निघायच्या दिवशी दुपारी मी मदतीला गेले. सामान बांधून झालं होतं, चार वाजता टेम्पो येणार होता. बाहेरची खोली रिकामी, बोललं की घुमायची. एकटी खुर्ची मात्र घडी न करता खिडकीशी तशीच मांडलेली होती.

"बस, मधू," बाई म्हणाल्या.

मी सतरंजी शोधत होते. बाईंनी खुर्चीकडे बोट केलं. मला नाही म्हणायचं होतं, पण त्यांच्या हातात ते अंतर्देशीय पत्र होतं. मी बसले. खुर्चीचं लोखंड उबदार होतं. त्या खोलीत दुपारनंतर ऊन येत नाही, हे मला दहावीपासून माहीत आहे.

बाईंनी पत्र एकदा शब्दांसाठी वाचलं. मग चष्मा काढला आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच सतरावा उतारा माणसासाठी वाचला. मी डोळे मिटून घेतले, कारण तो आवाज सत्तरीतल्या बाईचा नव्हता. वाचून झालं तरी तो खोलीत राहिला.

"शालू," बाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण मला बघत नव्हत्या. "मी आले असते तर काय केलं असतंस? माका सांग गो."

माझ्या ओठांवर आलं होतं, की ताई, तुझी चूक नव्हती. मला ते फार म्हणायचं होतं. पण ते पत्रात कुठेच नव्हतं, आणि त्या खुर्चीवर बसून उताऱ्याबाहेरचं बोलायला माझी जीभ वळेना. पत्रात एकच उत्तर होतं.

"दार वाजलं की मीच आधी उठते," मी म्हणाले.

बाईंनी मान हलवली. खूप वेळ हलवत राहिल्या. मग त्यांनी पदराने डोळे पुसले, लाल पेन काढलं आणि पत्र भिंतीवर धरून 'अतिशयोक्ती. छान!' यावर सावकाश काट मारली.

तेवढ्यात दार वाजलं. टेम्पोवाले चारच्या आधीच आले होते. मी उठून उभी होते, कधी उठले ते मला आजही आठवत नाही. बाई दाराला अगदी लागून होत्या, नुसता हात लांब केला असता तरी कडी हाताला लागली असती. त्यांनी उचललेला हात मागे घेतला. भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या आणि मला वाट करून दिली.

"जा गो," त्या म्हणाल्या. "तूच उघड."